ट्रेलर खोटं बोलतो, पण नेमकं कशाबद्दल?

आमचा पिक्चरवेड्यांचा एक छोटा ग्रुप आहे, परवा त्यावर एका येणाऱ्या थ्रिलरचा ट्रेलर कोणीतरी टाकला आणि पाच मिनिटांत सरळ दोन पार्ट्या पडल्या. एका पार्टीचं म्हणणं, खुनी कोण ते ट्रेलरमध्येच सांगून टाकलंय, शेवटाकडे त्या भावाचा क्लोजअप बघा, मागून बाईचा आवाज येतो "तो घरातलाच आहे" आणि हा नजर खाली घालतो, विषय संपला. दुसरी पार्टी म्हणते, अरे बाबांनो, तुमच्यासारख्यांसाठीच तो क्लोजअप टाकलाय. मग जुनी मढी उकरणं सुरू झालं, कुठल्या पिक्चरने कसं गंडवलं, कुठला सीन ट्रेलरमध्ये होता आणि थिएटरात गायब, कुठला हॉरर म्हणून बघायला गेलो आणि दीड तास लोक नुसते टेबलाशी बसून गप्पा मारत होते.

मला दोघांचंही थोडं थोडं पटलं. पण "ट्रेलर फसवतो" हे एक वाक्य आपण किमान तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींसाठी वापरतो आणि मग भांडण कधी संपतच नाही, कारण एक जण गायब सीनबद्दल बोलत असतो आणि दुसरा लपवलेल्या ट्विस्टबद्दल. म्हणून म्हटलं जरा सुटं सुटं करून लिहावं.

पहिलं म्हणजे ट्रेलर बनवतं कोण. बऱ्याच जणांना वाटतं डायरेक्टर बसून बनवत असेल. मोठ्या हॉलिवूड पिक्चरांचे ट्रेलर बहुतेक वेळा वेगळ्याच कंपन्या बनवतात, त्यांना ट्रेलर हाऊस म्हणतात, त्यांचा धंदाच तो, दुसऱ्यांच्या पिक्चरचे दोन-अडीच मिनिटांचे तुकडे पाडायचे. त्यांचे स्वतःचे पुरस्कारही आहेत, गोल्डन ट्रेलर अवॉर्ड्स, 1999 पासून चालू आहेत. या लोकांना काम देतं ते स्टुडिओचं मार्केटिंग खातं. डायरेक्टरला किती विचारतात ते त्याच्या वजनावर अवलंबून. 2015 च्या 'टर्मिनेटर जेनिसिस'चा सगळ्यात मोठा ट्विस्ट, म्हणजे मालिकेतला हिरो जॉन कॉनरच खलनायक झालाय हे, ट्रेलरमध्ये उघडं करून टाकलं आणि त्यावर डायरेक्टर अ‍ॅलन टेलर स्वतःच नाखूश होता. त्याने ते सीन त्या धक्क्यासाठी रचले आणि मार्केटिंगवाल्यांनी तो पोस्टरवर छापला!

(जाता जाता: 'ट्रेल' म्हणजे मागून येणं, कारण सुरुवातीला या जाहिराती पिक्चर संपल्यावर दाखवायचे. लोक उठून जायला लागले तेव्हा त्या पुढे आल्या, नाव मात्र तेच राहिलं.)

आता गायब सीनचं. ट्रेलर हाऊसला काम मिळतं तेव्हा पिक्चर बहुतेकदा पूर्ण झालेलाच नसतो. शूटिंग चालू असतं, एडिट कच्चा असतो, व्हीएफएक्स अर्धवट. त्यांच्या हातात काय असतं, तर शूट झालेल्या फुटेजचा ढीग, त्यातून ते चमकदार तुकडे उचलतात. पुढे चार-सहा महिने पिक्चरवर काम होतच राहतं, टेस्ट स्क्रीनिंग होतात, म्हणजे थोड्या प्रेक्षकांना आधीच दाखवून बघतात, सीन उडतात, नवे शूट होतात आणि ट्रेलर तर आधीच कोट्यवधी लोकांनी बघून झालेला असतो. 2016 च्या 'रोग वन'चं हे ठळक उदाहरण. त्यात नायिका एका अरुंद पुलावर उभी आहे आणि समोर टाय फायटर विमान वर येतं, असा जबरदस्त शॉट ट्रेलरमध्ये होता, लोकांनी त्याचे वॉलपेपर केले, पिक्चरमध्ये तो नाहीच. शेवटच्या भागाचं बरंच रीशूट झालं होतं.

याला मी तरी फसवणूक म्हणत नाही. शिंप्याकडे अर्धा शिवलेला शर्ट बघून यायचं आणि नंतर बटणं वेगळी का म्हणून भांडायचं, तसं आहे ते. पण सगळे माझ्यासारखे नसतात. 'जॅक रीचर'च्या ट्रेलरमध्ये कडा कोसळवणारा एक स्फोट होता, तो पिक्चरमध्ये नव्हता, तर न्यूझीलंडमधल्या एका प्रेक्षकाने जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेकडे रीतसर तक्रार केली, की मी त्या स्फोटासाठीच तिकीट काढलं होतं. त्याला तिकिटाचे पैसे परत द्यायची तयारी दाखवली गेली. एका स्फोटासाठी! मला हा माणूस खूप आवडतो.

खरी गंमत मात्र एडिटिंगमध्ये आहे, आणि थ्रिलरवाल्यांनी तर हे नीटच समजून घ्यावं. लेव्ह कुलेशोव्ह नावाचा रशियन फिल्ममेकर होता, साधारण शंभर वर्षांपूर्वी त्याने एक प्रयोग केला असं सांगतात. एका नटाचा एकच निर्विकार चेहरा घेतला, एकदा त्याच्या शेजारी सूपची वाटी जोडली, एकदा शवपेटीतली मुलगी, एकदा एक सुंदर बाई. बघणाऱ्यांना एकाच चेहऱ्यावर एकदा भूक दिसली, एकदा दुःख, एकदा वासना. चेहरा तोच, काहीच बदललं नाही, बदललं ते शेजारचं चित्र. म्हणजे अर्थ शॉटमध्ये नसतो, तो दोन शॉटच्या मधल्या फटीत असतो आणि ती फट आपणच भरतो, आपल्याला कळतही नाही आपण भरली ते.

ट्रेलरमध्ये ही फट शंभर वेळा येते. पिक्चरमध्ये बाई पोलिसांना सांगते "तो घरातलाच आहे", आणि ती कदाचित हरवलेल्या मांजराबद्दल बोलतेय. तिचा आवाज तेवढा उचलायचा. चाळीस मिनिटांनंतरच्या एका सीनमध्ये भाऊ चहा सांडला म्हणून खाली बघतो, तो चेहरा उचलायचा. एकावर एक ठेवायचं, खाली एक घुमणारा ठोका टाकायचा, मग अर्धा सेकंद काळोख. झाला खुनी. यात एकही शॉट खोटा नाही, एकही वाक्य खोटं नाही, पण जोड खोटी आहे. आणि तुम्ही एडिटरला पकडायला गेलात तर तो म्हणणार, मी कुठे म्हटलं तो खुनी आहे, तुम्हीच म्हणालात.

यात निम्मं काम तर आवाजाचं असतं. ट्रेलर म्यूट करून बघा एकदा, थ्रिलरचा तर नक्कीच. सगळी हवाच जाते. लोक दारं उघडतायत, गाड्या चालवतायत, फोन बघतायत, एवढंच दिसतं. त्यावर तो वाढत जाणारा सूर, घड्याळाची टिकटिक, मग एकदम शांतता आणि त्या शांततेत एक हलकं वाक्य, मग धडाम. 2010 च्या 'इन्सेप्शन'च्या ट्रेलरांमध्ये तो भोंग्यासारखा खोल दणका वापरला आणि पुढची कितीतरी वर्षं प्रत्येक दुसऱ्या ट्रेलरमध्ये जहाज बंदरात शिरल्यासारखा आवाज येत राहिला.

जोडाची ताकद किती, ते बघायचं असेल तर 2005 मध्ये एका एडिटरने केलेला प्रकार शोधा. त्याने 'द शायनिंग', म्हणजे कुऱ्हाड घेऊन बायकोच्या मागे लागणाऱ्या बापाचा पिक्चर, त्यातलेच शॉट घेऊन असा ट्रेलर बनवला की वाटावं एक लेखक आणि एक एकटा मुलगा यांची गोड कौटुंबिक गोष्ट आहे. खाली एक छान हलकंफुलकं गाणं, वर आपुलकीचा निवेदक. हसून हसून पोट दुखतं आणि मग जरा भीती वाटते, कारण हे इतकं सोपं असेल तर उलट्या दिशेने पण तितकंच सोपं आहे ना.

बरं, आता मुद्दाम बोललेलं खोटं. म्हणजे जिथे जोड पण नाही, सरळ चित्रच बदललंय. 'इन्फिनिटी वॉर'च्या ट्रेलरमध्ये सगळे हिरो रानातून धावतायत आणि त्यात हल्क पण धावतोय. पिक्चरमध्ये तो तिथे नाहीच, कारण गोष्टीचा एक धागाच हा आहे की हल्क बाहेर यायला नकार देतो. डायरेक्टरांनी नंतर मान्य केलं की मुद्दाम केलं. 'नो वे होम'चं तर त्याहून भारी, तीन स्पायडरमॅन आहेत हे लपवायचं होतं, म्हणून ट्रेलरमधून दोघांना चक्क पुसून टाकलं. पण लोकांनी एकेक फ्रेम थांबवून पाहिली आणि कोणाच्या तरी लक्षात आलं की त्यातल्या सरड्यासारख्या खलनायकाचं डोकं मागे फेकलं जातंय, त्याला कोणीतरी लाथ मारलीय, आणि मारणारा दिसत नाहीये. हवेनेच हाणला त्याला.

हा प्रकार काही आजचा नाही. 1960 मध्ये 'सायको'च्या ट्रेलरमध्ये हिचकॉक स्वतः सहा मिनिटं सेटवर फिरवून आणतो, इस्टेट एजंटसारखा, इथे हे घडलं, तिथे ते घडलं, मुद्द्याचं काही सांगत नाही. शेवटी बाथरूमचा पडदा ओढतो आणि बाई किंचाळते. ती किंचाळणारी बाई पिक्चरची नायिका जेनेट ली नाहीच, व्हेरा माइल्स आहे, पिक्चरमधली दुसरीच नटी, केसांचा टोप घालून. म्हणजे साठ वर्षांपूर्वीही थ्रिलरच्या ट्रेलरने प्रेक्षकाच्या डोळ्यात धूळ फेकलीच होती.

आणि इथे मी दुसऱ्या पार्टीच्या बाजूने आहे. थ्रिलरचा ट्रेलर खरं बोलूच शकत नाही. एखादी प्रेमकथा असेल तर ट्रेलरमध्ये सगळं दाखवलं तरी दोघांची केमिस्ट्री बघायला लोक येतात. थ्रिलरमध्ये विकायची वस्तूच ती गुपित आहे आणि ती दाखवली की उरतं काय, म्हणजे दुकानदाराने डबा न उघडता आतल्या मालाची चव सांगायची असं हे अवघड काम. काही जण ते फार छान करतात. 2024 मध्ये 'लाँगलेग्ज'वाल्यांनी निकोलस केज एवढा मोठा नट घेतला आणि पूर्ण जाहिरातभर त्याचा चेहराच दाखवला नाही. कुठलाही मार्केटिंगवाला म्हणेल, वेड लागलंय का, स्टारचा चेहरा लपवता? पण लोक तो चेहरा बघायलाच गेले.

मला ज्याचा राग येतो तो प्रकार वेगळाच आहे. तो म्हणजे घटनेबद्दल नाही, पिक्चरच्या जातकुळीबद्दल खोटं बोलणं. संथ, उदास, विचार करायला लावणारा पिक्चर असतो आणि ट्रेलर असा कापतात की गाड्या उडतायत. 2011 चा 'ड्राइव्ह' आठवा. त्यात रायन गॉस्लिंग बराच वेळ गप्प बसून बघतो, हीच त्याची गंमत. पण जाहिरात बघून लोकांना वाटलं गाड्यांच्या शर्यतीचा पिक्चर आहे. अमेरिकेत एका बाईने यावरून केस टाकली, की मला वाटलं तसं ड्रायव्हिंगच नाही यात. तेव्हा सगळे तिला हसले. मी पण हसलो होतो. आता तेवढं हसू येत नाही, कारण तिचं म्हणणं मुळात बरोबरच होतं, तिला एक वस्तू दाखवली आणि दुसरी दिली. दुसरी वस्तू जास्त चांगली होती हा वेगळा मुद्दा.

2017 चा 'इट कम्स अ‍ॅट नाइट' पण तसाच. ट्रेलरमध्ये लाल दरवाजा, रात्र, भुंकणारा कुत्रा, नावातच "रात्री काहीतरी येतं", साहजिकच लोक राक्षस बघायला गेले. राक्षस नाही. संशयाने दोन कुटुंबं कशी सडतात त्याचा पिक्चर आहे आणि मला तो फार आवडतो. पण सिनेमास्कोअर म्हणून एक पाहणी असते, अमेरिकेत पहिल्या दिवशी थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांना विचारतात किती मार्क देता, त्यात याला 'डी' मिळाला. समीक्षकांनी कौतुक केलेल्या पिक्चरला! लोक पिक्चरला मार्क देत नव्हते, ट्रेलर आणि पिक्चर यांच्यातल्या अंतराला देत होते.

मग करतात कशाला असं? हिशोब सरळ आहे. पैशाचा मोठा भाग पहिल्या शुक्रवार-शनिवार-रविवारी येतो आणि त्या तीन दिवसांत बहुतेकांनी पिक्चर बघितलेलाच नसतो, बघितलेला असतो फक्त ट्रेलर. म्हणजे पहिला वीकेंड ट्रेलर कमावतो आणि त्यानंतरचे आठवडे पिक्चर. आपला पिक्चर दुसऱ्या आठवड्यात तोंडोतोंडी चालणार नाही असं मार्केटिंगला वाटलं, की ते सगळं पहिल्या तीन दिवसांवर लावतात, मग जातकुळी वगैरे कोण बघतंय. म्युझिकल पिक्चरांचंही तेच, गाणी आहेत म्हटलं की काही लोक येत नाहीत असा समज आहे, म्हणून 2023 च्या 'वोंका'चे ट्रेलर बघून कळतच नव्हतं की यात लोक गातात.

उलटं दुखणं म्हणजे सगळंच सांगणारे ट्रेलर. 'कास्ट अवे'च्या ट्रेलरमध्ये तो बेटावरून परत येतो हे पण दाखवून टाकलं होतं आणि डायरेक्टर झेमेकिसचं मत असं, की लोकांना तिकीट काढायच्या आधी सगळं माहीत असलेलंच आवडतं. चिडायच्या आधी हे ऐका, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतल्या दोघा संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधीच सांगून, आणि शेवट माहीत असलेल्यांना कथा सरासरी जास्तच आवडल्या. मला हे अर्धंच पटतं. लघुकथा दहा मिनिटांत संपते, तिच्यासाठी कोणी आठ महिने वाट बघत नाही आणि ग्रुपवर भांडत नाही. थ्रिलरचा अर्धा आनंद त्या आठ महिन्यांतच असतो.

कोर्टात काय होतं, हा प्रश्न ग्रुपवर हमखास येतो, तर दोन केसेस माहीत असाव्यात. 'यस्टरडे' नावाच्या 2019 च्या पिक्चरच्या ट्रेलरमध्ये अ‍ॅना द आर्मास होती, पिक्चरमध्ये तिचा रोलच कापला, कारण टेस्ट प्रेक्षकांना नायक दुसऱ्या मुलीकडे वळलेला आवडेना. दोन चाहत्यांनी भाड्याने पिक्चर घेतला, ती दिसली नाही, केस टाकली. स्टुडिओ म्हणाला ट्रेलर ही स्वतंत्र कलाकृती आहे. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकन न्यायाधीशांनी ते मानलं नाही, ट्रेलर ही जाहिरातच आहे आणि तिला खोट्या जाहिरातीचा कायदा लागू शकतो असं म्हटलं. तो काही अंतिम निकाल नव्हता, आणि न्यायाधीशांनी हेही स्पष्ट केलं की पिक्चर अपेक्षेप्रमाणे निघाला नाही एवढ्यावर केस होत नाही, नट किंवा सीन आहे की नाही अशी ठोस गोष्ट लागते.

भारतात नेमकं उलटं झालं. 2016 च्या 'फॅन'च्या प्रोमोत वाजणारं 'जबरा फॅन' गाणं पिक्चरमध्ये नव्हतं. एका प्रेक्षक बाईंनी ग्राहक मंचात तक्रार केली, जिल्हा मंचाने ती फेटाळली, पण राज्य आणि राष्ट्रीय आयोगात त्यांच्या बाजूने निकाल लागला, 10,000 रुपये भरपाई. एप्रिल 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. ट्रेलर म्हणजे काही वचन नाही, त्यातलं सगळं पिक्चरमध्ये असेलच असा करार होत नाही, असं कोर्टाने सांगितलं. मला विचाराल तर दोन्ही निकाल आपापल्या जागी बरोबर वाटतात, ज्यावरून कायदा मला फारसा कळत नाही हे तुम्हाला कळेल.

कोट्स म्हणजे ती "थरारक! श्वास रोखून धरणारा!" वाली वाक्यं, त्याबद्दल थोडक्यात, त्यांच्यावर अजिबात जाऊ नका. एका बड्या स्टुडिओच्या मार्केटिंगवाल्यांनी डेव्हिड मॅनिंग नावाचा समीक्षकच मनाने बनवला होता, 2001 मध्ये भांडं फुटलं. 2024 मध्ये 'मेगालोपोलिस'च्या ट्रेलरमध्ये जुन्या नामांकित समीक्षकांची बनावट वाक्यं निघाली, ट्रेलर मागे घ्यावा लागला. आणि हल्ली यूट्यूबवर कॉन्सेप्ट ट्रेलर म्हणून जे फिरतं, एआयने बनवलेलं, त्यात तर पिक्चरच अस्तित्वात नसतो. आमच्या ग्रुपवर अशा एका ट्रेलरवर अर्धा तास गंभीर चर्चा झालीय, कोणी सुरू केली ते सांगत नाही. मी.

आता परत त्या भावाच्या क्लोजअपकडे. एवढं सगळं डोक्यात ठेवून मी तो तुकडा परत परत बघितला. माझा एकच ठोकताळा आहे, वाक्य ऐकू येतं तेव्हा बोलणाऱ्याचं तोंड दिसतंय का. दिसत असेल तर ते वाक्य बऱ्यापैकी त्याच सीनमधलं. दिसत नसेल तर ते कुठूनही आणलेलं असू शकतं. दुसरं, मागचा उजेड. "तो घरातलाच आहे" म्हणते ती बाई आपल्याला एकदाही बोलताना दिसत नाही. आणि भावाच्या मागे खिडकीत ऊन आहे, आधीच्या आणि नंतरच्या दोन्ही शॉटमध्ये मात्र रात्र आहे, पाऊस पडतोय. म्हणजे तो चेहरा दुसऱ्याच दिवशीचा.

हे स्क्रीनशॉटसकट ग्रुपवर टाकलं. पहिली पार्टी दहा मिनिटं गप्प होती. मग उत्तर आलं, "उन्हात खून होत नाहीत का?"